इरकलीचा पदर

इरकली लुगडं खरं की नकली हे ओळखायचं असेल, तर आधी काठाकडे किंवा रंगाकडे पाहू नका. पदराच्या टोकाला सुटलेल्या दशा हातात घ्या आणि त्यातला एक उभा धागा बोटांनी सोडवून बघा. लुगड्याचं अंग हिरवं असो, काळं असो की जांभळं, अस्सल इरकलीच्या पदरातला उभा धागा लालच निघतो. अंगाचे सुती धागे पदराच्या उंबरठ्याशी थांबतात आणि तिथून पुढे लाल रेशमाचे वेगळे धागे सुरू होतात. हे धागे शिवून जोडलेले नसतात. ते विणण्याआधीच, मागावर एकेक करून एकमेकांत अडकवलेले असतात. दख्खनच्या विणकरांनी ही जी युक्ती काढली, तिच्यातून एक वस्त्र घडलं आणि ते नेसण्याची रीतही त्या वस्त्रात मुरली. या प्रकरणात मी विणणं आणि नेसणं वेगवेगळं सांगणार नाही, कारण इरकलीत ते वेगळं करता येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात इरकलीची ओळख करून द्यावी लागत नाही. इस्लामपूरच्या आठवडी बाजारात, पेठ नाक्यावर एसटीची वाट बघत, बोरगाव-बहे बाजूला कृष्णाकाठच्या उसाच्या बांधावर, डोक्यावर लाल पदर घेतलेली, काष्टा घातलेली म्हातारी आजही दिसते. तिच्या अंगावरच्या लुगड्याला ती ‘इरकल’ म्हणते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हा पोशाख खास समजला जात नसे, तो रोजचा होता. लेकीला दिवाळीला लुगडं-चोळी, बहिणीला आहेर, गौरीला नेसवायला नवं लुगडं, सगळं इरकलीच. त्यातलं जाडंभरडं शेतातल्या कामाला आणि रेशमी काठाचं लग्नाकार्याला. फाटायला आलं की त्याची बाळासाठी झोळी होई आणि झोळीही जुनी झाली की वाकळ. वाकळेच्या आतल्या थरांत अशी किती लुगडी दडलेली असत, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

मात्र हे लुगडं इस्लामपुरात विणलं जात नव्हतं. ते येई कर्नाटकातल्या इरकलहून. कन्नडमध्ये इळकल, आजच्या बागलकोट जिल्ह्यातलं गाव. लाल ग्रॅनाइटसाठीही हे गाव प्रसिद्ध आहे. आज मधे राज्याची हद्द आहे, भाषा वेगळी आहे, म्हणून हे अंतर लांबचं वाटतं. आपल्या आजी-पणजीला ते तसं वाटत नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत वाळवा तालुका आणि इरकल हे दोन्ही एकाच मुंबई राज्यात होते. वाळवा सातारा जिल्ह्यात होता, १९४९ नंतर दक्षिण साताऱ्यात, आणि इरकल विजापूर जिल्ह्यात. पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा मुलूखही सलग नव्हता; तेरदाळ, रबकवी आणि बेळगावजवळचं शहापूर ही गावं त्यात होती, आणि रबकवी नि शहापूर ही तर विणकरांचीच गावं. म्हणजे सांगलीच्या पेठेत कन्नड मुलखातलं लुगडं येणं, हा एका अर्थी घरातलाच व्यवहार होता.

शिवाय माणसं त्या बाजूला जातच होती. सौंदत्तीची यल्लमा आणि बदामीजवळची बनशंकरी ही सांगली-सातारा भागातल्या असंख्य घरांची दैवतं. बनशंकरीची यात्रा पौषात भरते. यात्रेहून येताना गाठोड्यात लुगडं आणि खण असायचाच. आपल्याकडच्या खणाचं माहेरही तिथलंच, बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड. सांगली-कोल्हापूरकडे कर्नाटकी बेंदूर आणि महाराष्ट्रीय बेंदूर असे बैलांचे दोन सण होतात, यात आपल्याला नवल वाटत नाही. तसंच हे. कृष्णा बहे-बोरगावावरून सांगलीला जाते, पुढे कर्नाटकात शिरते आणि हुनगुंद तालुक्यात, बसवेश्वरांच्या कुडलसंगमला मलप्रभा तिला मिळते. इरकल याच जुन्या हुनगुंद तालुक्यातलं. एकाच नदीच्या काठची माणसं एकच कापड नेसत होती.

आता मागाकडे वळू. साधारण साडी विणताना विणकर लांबच लांब ताणा, म्हणजे उभे धागे, चढवतो, एकामागोमाग एक साड्या विणत जातो आणि पदर आला की फक्त आडवा धागा, म्हणजे बाणा, बदलतो. इरकलीला हे चालत नाही. तिचा ताणा तीन ठिकाणी वेगवेगळा तयार होतो. अंगाचा ताणा सुती. काठांचा ताणा रेशमाचा, किंवा स्वस्तातल्या लुगड्याला कृत्रिम रेशमाचा. आणि पदराचा ताणा तिसरा, काठाच्याच रंगाचा आणि काठाच्याच धाग्याचा. काठ आणि पदर यांचा रंग एक असणं हा या लुगड्याचा नियमच आहे. अंगाचा ताणा जिथे संपतो तिथे त्याच्या प्रत्येक धाग्याचा फास करून त्यात पदराच्या धाग्याचा फास अडकवला जातो, दोन हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा. गाठ मारली असती तर ती फणीत अडकली असती आणि कापडावर टोचली असती. फास मात्र सपाट बसतो आणि ताण पडला की अधिकच आवळतो. या जोडणीला तिथे ‘टोपे तेनी’ म्हणतात.

या एका युक्तीची किंमत मोठी आहे. पदर वेगळ्या धाग्याचा म्हटल्यावर प्रत्येक लुगड्याचा ताणा स्वतंत्रपणे तयार करावा लागतो. दहा लुगडी विणायची तर दहा वेळा ताणा आणि दहा वेळा शेकडो फासांची जोडणी. हातमागावर एक लुगडं उतरायला सुमारे आठवडा जातो, तो यामुळेच. हे काम एकट्याचं नसतं. पुरुष मागावर बसलेला दिसतो, पण कांड्या भरणं, ताणा जोडणं, तुटलेला धागा सांधणं यात घरातल्या बायकांचे हात असतात. लुगड्याची किंमत सांगताना हे हात बहुतेक वेळा मोजलेच जात नाहीत, आणि मला वाटतं, हातमाग परवडत नाही अशी तक्रार करण्याआधी गिऱ्हाइकानं एवढं तरी लक्षात घ्यावं.

पदराची लांबी साधारण १६ ते २७ इंच असते. नऊ वारांचं लुगडं म्हणजे ३२४ इंच. म्हणजे एवढी सगळी खटपट लुगड्याच्या जेमतेम बाराव्या ते विसाव्या भागासाठी. पण तेवढ्या भागात विणकर जीव ओततो. लाल रेशमाचे पट्टे आणि त्यांच्या मधे पांढरे, बहुतेक तीन लाल नि दोन पांढरे. पांढऱ्या-लालाच्या सीमेवर देवळांच्या शिखरांसारखे टोकदार दाते. हे दाते काढण्यासाठी पदरात तीन धोटे चालवावे लागतात आणि लाल-पांढरे आडवे धागे एकमेकांत अडकवत पुढे जावं लागतं. या नक्षीची नावंही घरगुती आहेत. कुठे फणीचे दात, कुठे किल्ल्याचा कोट, कुठे जोंधळ्याचं कणीस, कुठे डोंगरांची रांग. जोंधळा पिकवणाऱ्या, डोंगर बघत वाढलेल्या बाईच्या पाठीवर ही नक्षी परकी वाटली नाही, यात काय आश्चर्य.

काठांचे प्रकार बरेच आहेत. गोमी, परास, गाडी ही त्यातली दुकानदारांच्या तोंडी असलेली नावं. अंग कधी साधं, कधी उभ्या रेघांचं, कधी बारीक चौकटीचं. रंगांमध्ये डाळिंबी, मोरपंखी, हिरवा आणि काळा हे खास. काळ्या अंगाची चंद्रकळा संक्रांतीला नव्या सुनेला द्यायची, हा आपल्याकडचा रिवाज. एक गडद कुंकवाचा लाल असतो, त्याला ‘गिरी कुंकुम’ म्हणतात. ज्यांना आणखी हौस, त्या इरकलीवर कसुतीचा कशिदा काढतात. कसुती ही धारवाड-हुबळीकडची कला. कापडावर ठसा न उमटवता धागे मोजून टाके घालायचे. गोपूर, रथ, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन असे आकार त्यात येतात. गवंती टाका उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून पदर वाऱ्यानं उलटला तरी बिघडत नाही.

आता नेसण्याकडे. सहावारी विकच्छ (काष्ट्याशिवाय), नऊवारी सकच्छ (काष्ट्यासह), एवढं सांगून बहुतेक पुस्तकं पुढे जातात. पण नऊवारी नेसून पाहिल्याशिवाय इरकलीचं अंग सुती का, पदर रेशमी का, काठ घट्ट का, हे कळत नाही.

नऊवारीला परकर नको, पिन नको, नाडी नको. सगळा भार कमरेच्या एका गाठीवर. लुगड्याचं पदर नसलेलं टोक पुढे धरून ते कमरेभोवती एकदा फिरवून घ्यायचं आणि बेंबीखाली वरच्या काठांची आवळून गाठ मारायची. ही गाठ सैल राहिली तर पुढचं सगळं फुकट. त्यानंतर पदराकडचं टोक पाठीमागून आणून उजव्या काखेखालून छातीवर आणि तिथून डाव्या खांद्यावर टाकायचं. पदर किती सोडायचा ते आताच ठरवायचं, कारण नंतर त्यात बदल करायचा तर सगळंच पुन्हा नेसावं लागतं. डोक्यावरून घ्यायचा असेल तर जास्त, खांद्यावर ठेवायचा असेल तर कमी. गाठ आणि पदर यांच्यामधे जे कापड उरतं त्याच्या निऱ्या घालायच्या. कापड भरपूर असतं, त्यामुळे निऱ्या रुंद आणि ठसठशीत येतात. त्या पोटाशी खोचल्या की वरचा भाग किंचित बाहेर ओढून पुन्हा खोवायचा. तो झाला ओचा. भुईमुगाच्या शेंगा वेचताना, मिरच्या तोडताना बायका ओच्यात टाकतात तो हाच. त्याला शिवलेल्या खिशाची सर नाही असं कुणी म्हणू नये. ओच्यात पायलीभर शेंगा मावतात.

आता काष्टा. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, निऱ्यांच्या खालच्या काठाचं मधलं टोक उचलायचं, ते दोन्ही पायांमधून मागे घ्यायचं, काठाच्या चुण्या करायच्या आणि कमरेच्या बरोबर मधे मागे खोचायचं. खोचल्यावर एकदा उकिडवं बसून बघायचं. बसताना मांडीवर ताण आला तर काष्टा फार ओढला गेला आहे, आणि उठल्यावर मागे झोळ आला तर सैल आहे. शेतात जाणारी बाई पोटरीपर्यंत नेसते, म्हणजे चिखल-पाण्यात काठ भिजत नाही. कार्याला जाणारी घोट्यापर्यंत सोडते. गावागणिक, समाजागणिक खोच बदलते, काष्ट्याची रुंदी बदलते. अमुकच खरी रीत असा आग्रह धरणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या घरात जी रीत, ती त्या घराची खरी.

आता वर सांगितलेली वीण आठवा. गाठ, निऱ्या आणि काष्टा हे सगळं अंगाच्या भागात येतं. तिथे रेशीम असतं तर गाठ घसरली असती, निऱ्या सुटल्या असत्या. सूत स्वतःला धरून राहतं, घाम शोषतं, आणि धुऊन धुऊन अधिकच मऊ होतं. काष्टा म्हणजे काठाचीच घडी. चालताना, बसताना, वाकताना सगळ्यात जास्त ताण काठावर पडतो, म्हणून काठ दाट आणि चिवट. पदर मात्र डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर असतो, जिथे तो चार माणसांना दिसतो. महागडं रेशीम नेमकं तिथे. हातात थोडे पैसे असलेल्या शेतकरी घरातल्या बाईला रेशमाची शोभा आणि सुताची सोय एकाच वस्त्रात मिळावी, म्हणून विणकरानं फासाफासानं दोन ताणे जोडले. भारतात देखण्या साड्या पुष्कळ आहेत, पण अंगमेहनत करणाऱ्या बाईचा इतका बारकाईनं विचार केलेली दुसरी सहज सापडत नाही, असं माझं मत आहे.

नऊवारीबरोबर खणाची चोळी घालायची पद्धत होती. पुढे गाठ मारायची, बटण-हूक काही नाही. खणाचा पन्हा अरुंद, त्यामुळे चोळी बेतताना कापड वाया जात नसे, आणि खणाचा काठ बाहीवर नेमका येई.

सहावारी इरकल नेसणाऱ्या आजच्या मुलींसाठी थोडं वेगळं. परकर सुतीच घ्या. साटीनच्या परकरावर सुती अंग घसरतं. पदराच्या बारीक प्लेट्स करून पिन लावली तर टोपे तेनीची सगळी नक्षी घडीत दडून जाते. मोठ्या दोन-तीन घड्या घाला किंवा पदर मोकळा सोडा. आणि पिन लावायचीच तर जोडणीच्या रेघेवर कधीच लावू नका. एक फास निसटला की शेजारचे सैल पडतात. निऱ्या आधी कमी घाला. नवं लुगडं खळीमुळे ताठ असतं, दोन धुण्यांनंतर ते अंगाबरोबर पडायला लागतं. पहिल्या नेसण्यात फुगल्यासारखं दिसलं म्हणून अनेकजणी ते कपाटात ठेवून देतात, ही चूक.

धुण्याची काळजी पदरासाठी घ्यावी लागते, कारण लाल रंग उतरतो आणि फिकट अंगावर बसतो. पहिले दोन-तीन वेळा थंड पाण्यात थोडं मीठ टाकून, पदर वेगळा धरून धुवावा. पिळू नये, सावलीत वाळत घालावं. साबणाच्या चुऱ्यापेक्षा रिठ्याचं पाणी बरं. ठेवताना घडी दर काही महिन्यांनी बदलावी; त्याच रेघेवर घडी राहिली की रेशीम तिथेच चिरतं.

आणि आता बाजाराबद्दल. सांगली जिल्ह्यात विटा आणि शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजी ही यंत्रमागाची मोठी गावं आहेत. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, आणि त्यावर पुढे हजारो घरं उभी राहिली. नऊवारी लुगडी गोरगरिबांना परवडू लागली ती या मागांमुळे. त्यांचा राग धरायचं कारण नाही. राग येतो तो यंत्रमागावरची इरकल हातमागाची म्हणून विकली जाते तेव्हा. यंत्रमागावर ताणा लांब आणि एकच असतो. तिथे पदर करताना फक्त आडवा धागा लाल टाकतात, किंवा वेगळा विणलेला पदर शिवून जोडतात. सुरुवातीला सांगितलेली दशांची परीक्षा इथे कामी येते. उभा धागा अंगाच्याच रंगाचा निघाला, तर लाल पदरात हिरव्या-काळ्याची झाक मारते आणि रंग मळकट दिसतो. पदराच्या सुरुवातीला लुगडं उलटं करून पाहा. फासांची बारीक, सरळ, हाताला किंचित जाणवणारी रेघ दिसायला हवी. शिवण दिसली तर ती टोपे तेनी नव्हे. इरकलीला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय नोंदणी मिळालेली आहे, आणि केंद्र सरकारनं २००६ मध्ये सुरू केलेली हँडलूम मार्कची खूण हातमागाच्या मालावर असू शकते. दुकानदाराला ती विचारायला संकोच करू नये. काठाच्या साड्या हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ पासून आहे, पण कायदा आहे म्हणून विणकराचं पोट भरत नाही. ते गिऱ्हाइकाच्या नजरेवर चालतं.

शेवटी एक विनंती. अलीकडे लग्नात, शाळेच्या कार्यक्रमात शिवलेली नऊवारी घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. सोयीची आहे, वेळ वाचतो, हे मान्य. त्यासाठी यंत्रमागाचं कापड खुशाल कापा. पण आजीच्या ट्रंकेतलं हातमागाचं इरकल शिंप्याकडे नेऊ नका. न शिवलेलं लुगडं सासूला बसतं, सुनेला बसतं, बाळंतपणाआधी आणि नंतरही बसतं. एकदा कात्री लागली की ते एकाच मापाचं होतं आणि पुढच्या पिढीसाठी संपतं. घरात किंवा शेजारी जी बाई अजून काष्टा घालते, तिच्याकडे एक दुपार जा आणि तिच्या हाताखाली तीन-चार वेळा नेसून बघा. एवढ्यानं नेसता येतं.